गरजू मुलांसाठी मोफत व्यवसाय प्रशिक्षण केंद्र काढताय? या चुका टाळा

बहुतेक जण आधी जागा बघतात, मग मशिनरी, मग उद्घाटनाची तारीख. मुलांना काम कोण देणार, हा प्रश्न पहिली बॅच बाहेर पडायच्या तोंडावर निघतो. खरं तर सुरुवातच तिथून व्हायला हवी. ट्रेड, म्हणजे कोणतं काम शिकवायचं ते, ठरवण्याआधी मी त्या भागातल्या वर्कशॉपमध्ये फिरतो आणि मालकांना विचारतो, शेवटचा माणूस कधी ठेवलात आणि त्याला काय जमत नव्हतं? ‘चांगली मुलं द्या, घेऊ की’ या उत्तरावर कोर्स उभा राहत नाही. ‘ओव्हरहेड वेल्डिंग (डोक्यावरच्या जोडाचं) कुणालाच येत नाही’ यावर राहतो.

दुसरी चूक म्हणजे देणगीत मिळेल ते मशीन घेणं. एका संस्थेला कुणीतरी जुनी, मोठी लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, दिली. इमारतीत थ्री-फेज वीज नव्हती, ती येईपर्यंत मशीन ताडपत्रीखाली पडून राहिलं. मग घाईघाईने फरशीवर बसवलं आणि वर्ग सुरू केला. मी गेलो तेव्हा एक मुलगा मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन लेथवर कातलेला तोच शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, पुन्हा पुन्हा मोजत होता. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. शिक्षक म्हणाले, ‘याचा हातच बसत नाही.’ मी लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब पायावर, सपाटी तपासायची स्पिरिट लेव्हल आडवी ठेवली. एका टोकाला, हेडस्टॉककडे एक रीडिंग, दुसऱ्या टोकाला, टेलस्टॉककडे दुसरंच. बेडला पीळ पडला होता, मग त्यावर कातलेला दांडा एका टोकाला बारीक होणारच. लेव्हलिंग स्क्रू फिरवून बेड सरळ केला आणि त्याच मुलाने त्याच दुपारी शाफ्ट मापात काढला. तोवर कितीतरी दिवस तो स्वतःलाच ढ समजत होता, याचं मला फार वाईट वाटतं. ज्याला लहानपणापासून ‘तुला जमणार नाही’ हेच ऐकवलंय, त्याच्या हातात बिघडलेलं मशीन देणं हा अन्याय आहे.

म्हणून वीज, फाउंडेशन, टूल्स आणि दुरुस्ती करणारा माणूस, या चारही गोष्टींची सोय झाल्याशिवाय मी मशीन घेत नाही. देणगीदार नाराज झाला तरी चालेल. त्याला मी कच्च्या मालाचा खर्च उचलायला सांगतो, कारण सगळी केंद्रं तिथेच अडतात. ३.१५ मिमीचा वेल्डिंग रॉड मिनिट-सव्वा मिनिटात जळून जातो आणि हात बसायला असे शेकडो जाळावे लागतात. रॉड वाचवायचे म्हणून एकाने करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, ही बचत मला अजिबात मान्य नाही.

मुलं मध्येच सोडून गेली की ‘यांना फुकटची किंमत नाही’ म्हणतात. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिकायला आलेला मुलगा त्या दिवसाची कमाई सोडून आलेला असतो. फी माफ केल्याने घरची चूल पेटत नाही. प्रवासखर्च, एक वेळचं जेवण आणि थोडा स्टायपेंड बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. वेळ अशी ठेवा की उरलेल्या दिवसात त्याला काम करता येईल. मुलगा गैरहजर दिसला की मी त्याच संध्याकाळी फोन करतो, सलग तीन दिवस आला नाही तर घरी जातो. बहुतेकदा कुणीतरी आजारी असतं किंवा कर्जाचा तगादा असतो. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि अंधार पडायच्या आत सुटी, हे नसेल तर प्रवेशच देऊ नका.

मुलांना वर्कशॉपमध्ये उमेदवारीवर (अप्रेंटिस म्हणून) पाठवताना तोंडी बोलणीही नकोत. इटलीतल्या तुरिनमध्ये गरीब मुलांसाठी काम करणारे धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मालकांशी लेखी करार केले होते. मुलाला धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही, सुटी द्यायची, हे त्यात होतं. आजही तेच लिहून घ्यावं लागतं, नाहीतर पोरगं सहा महिने झाडूच मारतं. वयही तपासा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३च्या करारानुसार धोक्याच्या कामाला किमान वय १८ आहे. १६ पासूनची सवलत पूर्ण संरक्षण आणि योग्य प्रशिक्षण असेल तरच.

प्रमाणपत्राला मान्यता आहे का, ते बॅच घेण्याआधी बघा. मुलांचे ‘गरीब’ म्हणून फोटो छापू नका. शिक्षकाला बाजारभावाने पगार द्या, सेवाभावावर कारागीर टिकत नाही.

आणि ‘तीन महिन्यांत वेल्डर’ अशी जाहिरात करायची घाई झालेल्यांना माझं सांगणं आहे, पहिली बॅच दहा-बारा जणांचीच घ्या आणि ती कामाला लागून वर्षभर टिकल्याशिवाय दुसरा ट्रेड उघडू नका.