बंद बॉडीच्या ट्रकचा कॅम्पर करायचाय? मग आधी चासीचं बघा, फ्रीजचं नंतर

कॅम्पर म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी. ती करताना मला लोक सगळ्यात आधी फ्रीज कुठला घेऊ हे विचारतात, पण सुरुवात आरटीओपासून करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही आणि आरसीवर मालवाहू असलेल्या गाडीत बेड-किचन ठोकणं हा बदलच झाला. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे, त्यामुळे त्यात पासिंग करून देणारा बॉडी बिल्डर आधी गाठा आणि मगच ट्रकचं टोकन द्या.

ट्रक म्हणाल तर टाटा ४०७ च्या साइजचा बरा. १९८६ पासून रस्त्यावर आहे, तालुक्याच्या गावातही मेकॅनिक हात घालतो. बहुतेक गाड्या टू-व्हील ड्राइव्हच मिळतात, म्हणजे कच्चा रस्ता, धरणाकाठ, घाटातली खडी इथवर ठीक, भातखाचरातल्या चिखलात घालू नका. मागच्या जोडटायरांच्या मधे दगड अडकतो, उतरून बघायची सवय लावा.

रिकामा ट्रक वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा मोजून घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनातून ते वजा करा, उरेल त्यातच तुमचं घर बसवायचं. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, प्लायचं फर्निचर तर वजन कधी खातं कळतच नाही.

आता खरा मुद्दा. ट्रकची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, शिडीसारखी असते, खड्ड्यात एक चाक वर गेलं की ती पिळते. तुमचा डबा, म्हणजे मागची बंद बॉडी, मात्र कडक पेटी, तो पिळत नाही. माझ्या फॅब्रिकेटरने डबा चासीच्या चॅनेलवर चारी कोपऱ्यांत यू-बोल्टने आवळून दिला, मीही म्हटलं मजबूत आहे. पहिल्याच पावसाळ्यात एका कच्च्या रस्त्यावर पुढचं डावं चाक दगडावर ठेवून चहाला थांबलो तर मागचं दार उघडेचना, गाडी सपाटीला आणली की लगेच उघडलं. घरी येऊन पाहिलं तर कोपऱ्यातलं सीलंट केसाएवढं फाटलेलं आणि गादी ओली.

उपाय असा: डबा आणि चासीच्या मधे वेगळी लोखंडी चौकट, म्हणजे सबफ्रेम, मागच्या बाजूला फिक्स आणि केबिनकडे जाड स्प्रिंगवर बसवलेली, म्हणजे चासी पिळली की स्प्रिंग दबते आणि डबा सरळ राहतो. केबिन आणि डब्यात मोकळी फट ठेवा, आत जायला भोक पाडणार असाल तर रबरी बेलोज, म्हणजे भात्यासारखा घड्यांचा जोड, लागतोच. चासीला मनाने वेल्डिंग किंवा ड्रिलिंग नको, कंपनीने दिलेली भोकं वापरा. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी सोडा, नाहीतर गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जातं.

इन्सुलेशनला साध्या थर्माकोलपेक्षा एक्सपीएस (घट्ट फोमची) शीट बरी, पण लोखंडी पट्ट्या उघड्या राहिल्या तर सकाळी त्यांच्यावरच थेंब जमतात. त्यांच्यावरून सलग थर न्या आणि छताला पंखा ठेवा.

पाण्याची टाकी आणि बॅटरी खाली, दोन अ‍ॅक्सलच्या मधे. १२ व्होल्टचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५०-६० एएच (अँपिअर-तास) खातो, त्यामुळे १०० एएच लिथियम आणि ३००-४०० वॅट सोलर पुरतं, एसी मात्र विसरा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी जवळ फ्यूज टाका. गॅसचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, त्याच्या तळाला भोक, कारण एलपीजी जड असतो, खाली साचतो.

सगळं झालं की एक पुढचं चाक हळूच फूटभर उंच ओंडक्यावर चढवा आणि मागचं दार उघडून बघा. दार मोकळं उघडलं तर फर्निचर पक्कं करा. भरल्या टाकीने पुन्हा वजनकाट्यावर जा, शंभरेक किलोमीटर फिरून आलात की सबफ्रेमचे बोल्ट परत आवळा, पहिल्यांदा थोडे सैल झालेले सापडतातच.