पुरातत्त्व शिकताय ना, मग आधी तेरचं म्युझियम बघा

एमएला पुरातत्त्व घेतलेले ज्युनियर्स हमखास विचारतात की डिझर्टेशनसाठी मटेरियल बघायला कुठे जायचं, आणि बहुतेकांच्या डोक्यात मुंबई नाहीतर दिल्लीच असते. माझं सरळ म्हणणं आहे, आधी तेरला जा. धाराशिव जिल्हा, तेरणेचा काठ, गोरोबाकाकांचं गाव. इथल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवरून वर्षानुवर्षं वस्तू गोळा केल्या आणि तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या सरकारी म्युझियममध्ये आहे. पेरिप्लस या समुद्री व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक पुस्तकातलं तगर ते हेच, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं, इथलं कापड भडोचच्या बंदरापर्यंत जायचं.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघायला सगळेच जातात, कारण तशाच धाटणीची एक १९३८ साली पाँपेईत निघाली, आणि पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं म्हणजे त्याच्या आधीच ती इटलीत पोचलेली होती. भारीच आहे ते, पण खरा वेळ द्या केओलिनच्या छोट्या मूर्तींना. पांढुरकी, बारीक पोताची माती, पुढचा एक साचा मागचा एक, दोन्ही भाग जोडायचे आणि आतून पोकळ ठेवायचं. समोरून चेहरा, केसांची रचना, कानातले दागिने बघून झाले की लगेच पुढे सरकू नका, मूर्तीच्या कडेला नजर न्या, कानामागून खांद्याकडे जाणारी जोडाची रेघ कुठे दिसते, कुठे घासून मिटवलीय ते बघा आणि तिथेच स्केच काढा. मोबाईलच्या फोटोत ही रेघ नीट येत नाही आणि कारागिराचं काम तर तिथेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेकाडावरून वेचलेल्या वस्तूला थर नसतो. ती किती खोलवर होती, सोबत कुठली खापरं होती, काहीच हाताशी नाही, त्यामुळे लेबलवर 'सातवाहनकालीन' लिहिलंय म्हणून डिझर्टेशनमध्ये तसंच उतरवलं तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येणार. म्हणून जायच्या आधी चापेकरांनी १९५८ मध्ये तेरला केलेल्या उत्खननाचा रिपोर्ट वाचा, त्यात कुठल्या थरात काय मिळालं ते टिपून ठेवा आणि मग म्युझियममधली वस्तू त्याच्याशी ताडून बघा. मला तरी कालनिर्णय म्हणजे काय ते वर्गापेक्षा या ताडून बघण्यात जास्त कळलं, आणि लामतुरेंनी हे जमवलं नसतं तर यातलं किती नांगराखाली गेलं असतं हा विचार तिथे उभं राहिल्यावर डोक्यातून जात नाही.

मोजमापं घ्यायची, वस्तू काचेबाहेर काढून बघायची तर परवानगी लागते, डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर गाईडच्या सहीचं पत्र घेऊन पुरातत्त्व संचालनालयाकडे आधीच अर्ज करा, आयत्या वेळी जाऊन तिथल्या स्टाफला अडचणीत टाकू नका. आणि त्रिविक्रमाचं देऊळ बघितल्याशिवाय परत फिरू नका, मागची बाजू अर्धगोल असलेलं विटांचं जुनं बांधकाम आहे, प्लॅन काढायची प्रॅक्टिस तिथेच होऊन जाईल.