मुलाची ट्रीटमेंट लांबणार असेल तर आधीपासून काय काय तयार ठेवायचं

डॉक्टर म्हणाले की ट्रीटमेंट लांब चालणार, की घरातलं कुणीतरी लगेच बॅग भरायला घेतं, कारण त्या क्षणी तेवढंच हातात असतं. बॅग भराच, पण ती या यादीत तिसऱ्या नंबरवर आहे. आधी वही, मग ताप, मग बॅग, त्यानंतर बाकीचं. मी मुख्यतः मुलांच्या ब्लड कॅन्सरबद्दल लिहितेय कारण ते मी जवळून बघितलंय, पण किडनीचं, हार्टचं किंवा ट्रान्सप्लांटचं काही असेल तरी यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडतं.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा की हे आठवड्याभराचं काम नाही. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर म्हणजे एएलएल, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, त्याची ट्रीटमेंट साधारण 2 ते 3 वर्षं चालते. पहिला टप्पा, ज्याला इंडक्शन म्हणतात, तो महिन्याच्या आसपासचा आणि सगळ्यात धकाधकीचा, मग पुढचे कडक केमोचे टप्पे आणि शेवटी मेंटेनन्स, त्यात बरीचशी औषधं घरीच, तोंडाने. म्हणून पहिल्याच आठवड्यात आईबाबा दोघांनी सगळी रजा आणि सगळी ताकद संपवू नका.

आता वही. एक जाड, कडक पुठ्ठ्याची वही घ्या आणि पेन तिलाच दोरीने बांधून टाका (पेन गायब होतंच). फोनमध्ये लिहू म्हणाल, पण फोन चार्जिंगला असतो, मुलाच्या हातात असतो, आणि तुम्ही घरी गेल्यावर तुमच्या जागी बसलेल्या माणसाला तो उघडता येत नाही. पहिल्या पानावर मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी, आजाराचं नाव रिपोर्टवर आहे अगदी त्याच शब्दांत, आणि वजन-उंची तारखेसकट. वजन-उंची कशाला तर मुलांचे डोस वजनावरून नाहीतर शरीराच्या पृष्ठभागाच्या मापावरून काढतात, वजन बदललं की डोस बदलतो, म्हणून दर वेळी नवं वजन लिहायचं. औषधं लिहिताना मिलिग्रॅम आणि एमएल दोन्ही लिहा, कारण एकच पातळ औषध दोन वेगवेगळ्या ताकदीत मिळू शकतं आणि नुसतं "5 एमएल" एवढं लक्षात ठेवून नवी बाटली आणली की घोटाळा झालाच. पातळ औषध मोजायला चमचा नको, तोंडाने द्यायची सिरिंज मागून घ्या.

मग रोजची पानं. तारीख, ताप किती, किती वाजता काय दिलं, उलटी, शी-शू, आज काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) किती आले. पानाची मागची बाजू फक्त प्रश्नांसाठी. राउंड कधी येईल सांगता येत नाही आणि आला की दोन मिनिटांत पुढच्या बेडवर जातो, अशा वेळी डोक्यातले प्रश्न हवेत विरतात, कागदावरचे विरत नाहीत. सिस्टरच्या शिफ्ट बदलतात, डॉक्टर बदलतात, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहणारे तुम्हीच, त्यामुळे "मागच्या वेळी या औषधाने अंगावर पुरळ आली होती" हे पटकन सांगणारा माणूस पण तुम्हीच. संकोच करू नका, औषध देताना नाव आणि डोस विचारला तर चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी विचारायचे काही प्रश्न आत्ताच वहीत लिहून टाका. प्रोटोकॉलचं, म्हणजे ट्रीटमेंटच्या ठरलेल्या आराखड्याचं, नाव काय, आत्ता कोणता टप्पा, तो संपला की काय तपासणार. छातीत पोर्ट किंवा सेंट्रल लाईन (औषधं द्यायला मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी) टाकणार का. रात्री दोन वाजता काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा आणि तो उचलतं कोण. आणि एक प्रश्न जो फार थोडे पालक विचारतात, या औषधांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होतो का, होत असेल तर आधी काही करून ठेवता येतं का. विचारताना विचित्र वाटतं, समोर आठ वर्षांचं पोर झोपलेलं असतं, पण केमो सुरू झाल्यावर विचारून बऱ्याचदा उशीर झालेला असतो. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर सरळ सांगा, यात कुणाचा अपमान नसतो, रिपोर्टच्या कॉपी मागून घ्या, फक्त त्यात किती दिवस घालवणं परवडेल हेही त्याच डॉक्टरांना विचारा.

इंटरनेटवर रात्री बसून आकडे शोधणार आहात ते मला माहितीये, सगळेच शोधतात. तर एवढं लक्षात असू द्या, जिथे पूर्ण ट्रीटमेंट मिळते तिथे कॅन्सर झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हा सगळ्या मुलांचा मिळून आकडा आहे, तुमच्या मुलाचं उत्तर त्याच्या आजाराचा प्रकार आणि पहिल्या टप्प्यानंतरची तपासणी यावर ठरतं, ते फक्त त्याचे डॉक्टर सांगू शकतात.

आता ताप. हा भाग दोनदा वाचा. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी (रिपोर्टवर एएनसी) 500 च्या खाली गेल्या की इन्फेक्शनशी लढायला शरीरात फारसं कुणी उरत नाही आणि बऱ्याचदा ताप ही एकच खूण दिसते. म्हणून घरी चांगला डिजिटल थर्मामीटर आणि त्याचा एक जादा सेल पाहिजेच. कितीला फोन करायचा तो आकडा तुमच्या वॉर्डकडून लिहून घ्या, बऱ्याच ठिकाणी तो 38 सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइट असतो. त्या आकड्याला पोचला की थांबायचं नाही, सकाळी बघू म्हणायचं नाही, आणि न विचारता पॅरासिटामॉल तर द्यायचंच नाही, कारण ताप खाली दिसतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. शीच्या जागेतून ताप मोजायचा नाही, तिथून कुठलं औषधही घालायचं नाही, तिथली नाजूक त्वचा फाटून इन्फेक्शन होऊ शकतं. ताप नसला तरी मूल एकदम मलूल पडलं, थंडी वाजून कुडकुडायला लागलं, विशेषतः लाईन फ्लश केल्यावर, म्हणजे औषधाच्या नळीत पाणी सोडून ती साफ केल्यावर, तरी फोन. हॉस्पिटलला पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, "केमो चालू आहे आणि ताप आलाय", कारण अशा मुलाला तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं आणि तुम्ही नुसतं "ताप आहे" म्हणालात तर बाकीच्या तापवाल्यांच्या रांगेत बसवतील. यासाठी दाराजवळ एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेवा, फाईलच्या कॉपी, दोन दिवसांचे कपडे, चार्जर, चालू औषधं. रात्री घेऊन कोण जाणार आणि दुसऱ्या मुलाजवळ कोण थांबणार हेही आधीच ठरवा.

आता बॅग. छातीत लाईन असेल तर समोरून बटणांचे शर्ट, गळ्यातून काढायचे टीशर्ट नकोत. कपडे एक साइज मोठे, कारण स्टेरॉइडने चेहरा आणि पोट फुगतं. न घसरणारे मोजे. घरची उशी किंवा पांघरूण, धुता येईल असं. एकदम मऊ ब्रश, कारण तोंड येतं. लांब वायरचा चार्जर, भिंतीतला सॉकेट नेहमी बेडच्या मागे आणि हात पोचणार नाही तिथेच असतो. हेडफोन, टोपी. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात, मुलाला चालत असेल तर आधीच बारीक कापून घ्या, पण त्याला विचारून, परस्पर नको. खेळणी कमी न्या आणि धुता येणारी न्या.

खाण्याबद्दल एकच. स्टेरॉइड चालू असताना मूल रात्री तीनला उठून भूक भूक करतं आणि मिळालं नाही तर अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतं, तो हट्ट नसतो, औषध बोलत असतं. उलट केमोच्या दिवशी त्याचा सगळ्यात आवडता पदार्थ देऊ नका. उलटी झाली की मेंदू ती त्या पदार्थाशी जोडून टाकतो आणि नंतर कित्येक महिने मूल त्याला तोंड लावत नाही.

मुलाला काय सांगायचं याचीही तयारी लागते, आणि बॅगेपेक्षा जास्त लागते. "दुखणार नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. एकदा खोटं ठरलं की पुढच्या प्रत्येक सुईला चार माणसांनी धरावं लागतं. त्यापेक्षा "टोचेल, दहा मोजेपर्यंत दुखेल, मी इथेच आहे". बधिर करणारी क्रीम असते, ती साधारण तासभर आधी लावावी लागते, म्हणजे तुम्हालाच आठवण करून मागावी लागते. झोपवून दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून कवेत घेतलेलं मूल कमी घाबरतं, सिस्टरला विचारा चालेल का. निवड द्या पण खरी द्या, कोणता हात, बघायचंय की तिकडे तोंड करायचंय. "टोचूया का?" असं विचारू नका, ते नाही म्हणणार आणि तुम्ही तरी टोचणार. आणि "नीट वागला नाहीस तर सुई देतील" असं म्हणणाऱ्या नातेवाइकाला तिथल्या तिथे गप्प करा, वयाने कितीही मोठे असोत.

तीन ते सात वर्षांच्या पोरांना बऱ्याचदा वाटतं की आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं. ते बोलून दाखवत नाहीत. म्हणून न विचारताच सांगायचं, तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि परत परत सांगायचं. मोठ्या मुलांसमोर कोपऱ्यात जाऊन कुजबुजू नका, त्यांना सगळं कळतं आणि न कळलेलं ते स्वतःच भरतात. पंधरा वर्षांच्या मुलीला डॉक्टरांशी दहा मिनिटं एकटीने बोलायचं असेल तर बाहेर जा.

मुलाजवळ तुम्हाला थांबू देणं हा काही कुणाचा उपकार नाही, हेही सांगते. एकेकाळी हॉस्पिटलमध्ये आईबापांना ठरावीक वेळीच भेटायला सोडायचे. 1959 साली ब्रिटनमध्ये हॉस्पिटलमधल्या मुलांबद्दलचा सरकारी समितीचा प्लॅट रिपोर्ट आला, त्याने मुलांना भेटण्यावरची बंधनं उठवा अशी शिफारस केली, पुढे 1988 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला युरोपातल्या संस्थांनी जी सनद केली तिच्यात आईबाप कायम जवळ असणं हा मुलाचा हक्क म्हणूनच लिहिलाय. तेव्हा "भूल देईपर्यंत मी हात धरून थांबू का" हे बिनधास्त विचारा. जिथे नाही म्हणतील तिथे कारण विचारा.

भावंडं. त्यांनाही खरं तेच सांगा, हा आजार लागत नाही हेही सांगा, आणि आठवड्यातली एक वेळ फक्त त्यांची ठेवा जी हॉस्पिटलमुळे रद्द होणार नाही. शाळेत बाईंना कल्पना द्या, चिडचिड तिथे निघते.

लोक फोन करतात, "काही लागलं तर सांगा". चांगल्या मनाने म्हणतात पण दिवसातून वीस वेळा तेच रिपोर्ट सांगून माणूस संपतो. एका नातेवाइकाला किंवा मैत्रिणीला निरोप्या करा, ग्रुपवर तीच कळवेल. आणि मदतीची यादी तयार ठेवा, धाकटीला शाळेतून आणणं, शनिवारी रात्री वॉर्डात थांबणं, बिलं फाईलला लावणं. नेमकं काम दिलं की लोक खरंच करतात. नोकरीच्या ठिकाणी द्यायचं डॉक्टरांचं पत्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर असतील तर त्यांना पैसे संपल्यावर नाही, आधी भेटा.

आणि तुमचं स्वतःचं. तुमची बीपीची, थायरॉइडची गोळी बॅगेत आहे का बघा. झोपेच्या पाळ्या लावा, दोघांनी मिळून जागण्यात काही शौर्य नाही, दुसऱ्या दिवशी डोस वाचायला कुणीतरी शुद्धीवर पाहिजे. एकटे पालक असाल तर एका माणसाला वही, लाईन, तापाचा नियम सगळं शिकवून ठेवा. नवराबायकोत एक जण आकडे विचारतो आणि दुसऱ्याला ते ऐकवत नाहीत, यावरून भांडणं होतात, दोघांची घाबरायची पद्धत वेगळी एवढंच. रडू येणारच, पण कित्येक आठवडे झोप नाही, मॉनिटरचा आवाज घरीही ऐकू येतो असं होत असेल तर समुपदेशकाकडे जा.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, तरी निघायच्या आधी चार गोष्टी वहीत लिहून घेतल्याशिवाय बेड सोडू नका. डोस चुकला तर काय, औषध दिल्यावर उलटी झाली तर परत द्यायचं का आणि किती वेळात, लाईनची काळजी कोण घेणार, केमोनंतर किती दिवस शू-शी-उलटी साफ करताना हातमोजे घालायचे. लस घ्यायची असेल तर मुलाला परस्पर कुठलीच नको, जिवंत लसी (ज्यात कमजोर केलेले जिवंत जंतू असतात) ट्रीटमेंट चालू असताना देत नाहीत, घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची घ्यायची का तेही विचारून घ्या. पुढे काउंट बरे झाले आणि डॉक्टर शाळेला हो म्हणाले की वर्गशिक्षकांना भेटून या, टोपी घालू द्या, मधेच पाणी प्यायला सोडा वगैरे ते समजून घेतात, पण मुख्य सांगायचं ते हे, की वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी फोन करा, कारण अशा संपर्कानंतर द्यायचं औषध थोड्याच दिवसांच्या आत द्यावं लागतं आणि सोमवारची बातमी शुक्रवारी कळून उपयोग नसतो.