मुंगळ्यांसाठी घरगुती पाणपोई

पाळलेल्या मुंगळ्यांना साखरपाणी उघड्या झाकणात दिलं, तर काही त्यात बुडणारच. मुंगळ्याला प्यायला ओला ठिपका पुरतो. त्यामुळे द्रवाचा उघडा भाग त्याच्या डोक्याहून लहान ठेवायचा, बाकी सगळं त्यानंतर. खालची मापं आपल्याकडच्या मोठ्या काळ्या मुंगळ्यांसाठी (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) आहेत. कामकरी पन्नासाच्या आत असतील तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. फॉइलच्या तुकड्यावर एक थेंब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा टाकून द्या.

साखरपाण्याचं प्रमाण: साखर २० ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी ८० मिली. याहून दाट केलं तर प्यायला वेळ लागतो आणि भोकाच्या तोंडाशी साखर धरते. मध चालतो, पण पाणी घातलेला मध लवकर आंबतो, गुळाचंही तेच. उरलेलं साखरपाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

उलटी बाटली

फिरकीच्या झाकणाची ५ ते १० मिलीची प्लास्टिकची बाटली घ्या. झाकणाला तापवलेल्या सुईने १ मिमीची तीन भोकं पाडा. वितळून वर आलेली कड ब्लेडने सपाट करा. झाकणाच्या कडेला ग्लू गनने ५-६ मिमी उंचीचे तीन पाय करा, म्हणजे मुंगळे खाली शिरून पिऊ शकतील. बाटली काठोकाठ भरून झटक्यात उलटी करा. दोन-चार थेंब पडून गळती थांबली पाहिजे. ती टिश्यूवर रात्रभर ठेवून पाहा. टिश्यू ओला होत राहिला, तर भोकं मोठी झाली आहेत किंवा झाकण हवा घेतंय.

एवढी परीक्षा पास झालेली बाटलीही चार दिवसांनी गळू शकते. दोष बहुतेक वेळा आत साठलेल्या हवेचा असतो. मुंगळे पितात तशी आत हवा शिरते, आणि दुपारी तापमान चढलं की ती फुगून साखरपाणी बाहेर ढकलते. आत १० मिली हवा असेल आणि पारा २७ वरून ३७ अंशांवर गेला, तर हवा आणि बाष्प मिळून अर्ध्या मिलीहून जास्त द्रव बाहेर येतो, म्हणजे दहा-बारा थेंब. म्हणून बाटली लहानच घ्या, निम्मी रिकामी झाली की पुन्हा भरा आणि खिडकीपासून दूर ठेवा.

दुसरी गळती मुंगळे स्वतःच घडवतात. गोड, चिकट जागेवर ते वाळू आणून टाकतात. तो ढीग भोकाला टेकला की वाळू वातीसारखी द्रव ओढत राहते आणि सगळी बाटली रिकामी होते. पाणपोई वाळूवर न ठेवता काचेच्या किंवा टाइलच्या तुकड्यावर ठेवा. तुकडा सपाट असू द्या. जागा मात्र वारुळाच्या दारापासून लांबची.

सिरिंज

डबा उघडताच मुंगळे बाहेर धावत असतील, तर हीच पद्धत बरी. ५ मिलीची सिरिंज सुईशिवाय घ्या. डब्याच्या भिंतीला ४ मिमीचं भोक पाडून त्यात तिचं टोक घट्ट बसवा. आधी टोक वर धरून टिचक्या मारा आणि हवा काढून टाका. मग रोज दट्ट्या ०.१ मिली पुढे ढकला: टोकाशी थेंब दिसला पाहिजे, लोंबता कामा नये. बदलताना भरलेली दुसरी सिरिंज हाताशी ठेवा.

साध्या पाण्यासाठी एवढं काही नको. परीक्षानळी आणि औषधाच्या दुकानातला शोषक कापूस पुरतो. साखरपाण्यासाठी मात्र कापूस वापरू नका, त्यावर बुरशी धरते.

उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, थंडीत पाचव्या दिवशी सगळं धुवा. गरम पाणी आणि लहान ब्रश एवढंच घ्या. साबणाचा अंश राहिला तर पृष्ठताण कमी होऊन भोकं गळू लागतात, शिवाय साबण मुंगळ्यांना घातक.

दोन दिवस कुणीच फिरकलं नाही, तर आधी आंबूस वास येतो का पाहा. वास नसेल तर मुंगळ्यांची पोटं बघा. पोट ताणून खंडांमधले फिकट पट्टे दिसत असतील तर ते तृप्त आहेत. साखरपाणी काढून घ्या, पाणी राहू द्या.