फिटनेस कॉन्फरन्सहून परतल्यावर जिममध्ये फरक दिसायला हवा असेल तर

ट्रेनर म्हणून कॉन्फरन्सला जायचं ठरलं की आधी एक साधी वही काढा. पुढचे पंधरा दिवस जिममध्ये जिथे जिथे अडाल, तिथे तिथे दोन ओळी लिहा. स्क्वॉटला कुणाचा गुडघा दुखतो, तिसऱ्या महिन्यात येणं कोण बंद करतं, मधुमेह असलेल्या काकांचा व्यायाम कोणत्या वेळी घ्यावा. नाव लिहायची गरज नाही, वय आणि अडचण पुरे. पंधरा दिवसांनी त्यातले तीनच प्रश्न निवडा. कॉन्फरन्सला जाताना सोबत काय न्यायचं असं कुणी विचारलं, तर मी आधी ही वही सांगतो.

माझ्या वहीत एकदा आमच्या सकाळच्या बॅचमधल्या काकू होत्या. वय ६१. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, वजन कमी नाही झालं तरी चालेल, पण खुर्चीवरून उठताना बऱ्याचदा हात टेकावा लागतो, तेवढं थांबवा." व्यायाम देता येत होता, पण फरक पडतोय की नाही हे मोजायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. तो प्रश्न घेऊन मी एका परिसंवादाला गेलो आणि ज्येष्ठांच्या व्यायामावरच्या सत्रात उत्तर मिळालं. ते पुढे सांगतो.

कुठे जायचं?

प्रदर्शन आणि कॉन्फरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच छताखाली भरल्या तरी. गोरेगावच्या नेस्कोसारख्या ठिकाणी भरणारी प्रदर्शनं मशीन आणि सप्लिमेंट्स पाहायला, भाव विचारायला चांगली. जर्मनीत १९८५पासून भरणारं आणि आता कोलोनला होणारं फिबो हे प्रदर्शन म्हणजे त्याचाच जागतिक अवतार. जिम काढायची किंवा मशीन बदलायची असेल, तर अशा ठिकाणी दिवस सत्कारणी लागतो. पण प्रश्न माणसांच्या शरीराबद्दलचा असेल, तर अभ्यास सत्रं असलेला कार्यक्रम शोधा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, म्हणजे एसीएसएम, ही १९५४मध्ये स्थापन झालेली संस्था अशी संमेलनं भरवते. आपल्याकडे फिजिओथेरपी आणि क्रीडावैद्यक शाखांच्या परिसंवादांतही काही वेळा ट्रेनर्सना प्रवेश असतो. फोन करून विचारा. जिमवाल्यांनी तिकडे फिरकू नये हा आपलाच गैरसमज आहे.

फी भरण्याआधी हिशेब मांडा. प्रवेश शुल्क, प्रवास, राहणं आणि त्या दोन दिवसांत बुडणारे पर्सनल ट्रेनिंगचे पैसे. शेवटचा आकडा बहुतेक जण धरत नाहीत आणि फ्रीलान्स ट्रेनरसाठी पुष्कळदा तोच मोठा असतो. सर्टिफिकेशन परदेशी संस्थेचं असेल, तर या सत्रांचे क्रेडिट्स, म्हणजे सर्टिफिकेट नूतनीकरणासाठी लागणारे शिक्षणाचे गुण, तुमची संस्था मान्य करते का, हे आधीच लेखी विचारून घ्या. एसीएसएमच्या पर्सनल ट्रेनर सर्टिफिकेटला ३ वर्षांत ४५ क्रेडिट्स लागतात, एसीई म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेला २ वर्षांत २० तासांचं शिक्षण. प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच स्कॅन करून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी जुने ईमेल धुंडाळत बसण्यात पुरा दिवस जातो.

सत्रात बसल्यावर

दिवसाला दोन किंवा तीन सत्रं, त्याहून जास्त नकोत. मधला वेळ माणसांशी बोलायला लागतो. सत्रात प्रत्येक दाव्यापुढे वहीत चार गोष्टी लिहा: हे कुणावर करून पाहिलं, किती जणांवर, किती आठवडे आणि वक्ता याच्याशी जोडलेलं काही विकतो का. विकत असला म्हणून दावा खोटा ठरत नाही, पण आपण सावध राहतो. वीस-बावीस वर्षांच्या कॉलेजच्या मुलांवर सहा आठवडे केलेला प्रयोग माझ्या काकूंना जसाच्या तसा लागू होत नाही, हे अशा नोंदींमुळेच लक्षात येतं.

ट्रेंडविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण तरुण ट्रेनर इथे फार फसतात. एसीएसएम दर वर्षी जगभरच्या फिटनेस व्यावसायिकांचं सर्वेक्षण करून ट्रेंडची यादी काढते आणि अनेक सत्रं तिच्यावर बेतलेली असतात. यादी उपयोगी आहे. पण ती काय लोकप्रिय होईल याबद्दल व्यावसायिकांना काय वाटतं ते सांगते, काय गुणकारी आहे ते सांगत नाही. व्यायाम मोजणारी मनगटावरची घड्याळं तिच्यात अनेकदा पहिल्या क्रमांकावर आली. म्हणून तुमच्या गावातल्या जिमने पुढच्या महिन्यात घड्याळं विकायला ठेवावीत, असा त्याचा अर्थ होत नाही.

स्टॉलवर मशीन बघताना ती कशी चालते हे विक्रेता दाखवेलच. तुम्ही विचारा की सर्व्हिसवाला कुठल्या शहरातून येतो, केबल आणि पुली किती दिवसांत मिळते, एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, काय धरलंय आणि काय नाही. माझ्या ओळखीच्या एका जिममालकाची ट्रेडमिल एका सुट्या भागासाठी दोन महिने बंद होती. त्या काळात सभासदांची जी नाराजी झाली, ती कुठल्याही सवलतीने भरून निघाली नाही. सप्लिमेंटच्या डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहा. फुकट मिळालेलं पाकीट क्लायंटला देऊ नका.

ओळखी करताना मोठ्या वक्त्याच्या भोवतीच्या गर्दीत उभं राहण्यापेक्षा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या ट्रेनरशी बोला. सांगलीचा, नाशिकचा, मडगावचा ट्रेनर तुमच्यासारख्याच फीमध्ये, तुमच्यासारख्याच जागेत काम करतो. त्याला तुमच्या वहीतला एक प्रश्न विचारा. नंबर सेव्ह करताना नावापुढे काय बोललो तेही टाका, "जळगाव, पाठदुखी, संध्याकाळची बॅच" असं. आठवड्याच्या आत एक मेसेज करा आणि त्यात काहीतरी द्या, एखादा लेख किंवा सत्राचा फोटो. मला अवघड केसमध्ये आज जे तीन जण फोनवर सल्ला देतात, ते असेच चहाच्या रांगेत भेटलेले आहेत.

परतीचा प्रवास आणि पुढचे आठ आठवडे

परतताना ट्रेनमध्येच वही उघडा. दिवसभराच्या नोंदींतून एकच बदल निवडा. बाकीचं शेवटच्या पानावर लिहून ठेवा, ते पळून जात नाही. एकाच वेळी वॉर्म-अपही बदलला, आहाराचा तक्ताही बदलला आणि नवी उपकरणंही आणली, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही.

काकूंसाठी मी निवडलेली गोष्ट म्हणजे ३० सेकंदांची खुर्ची चाचणी. रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स या अमेरिकन संशोधकांनी १९९९मध्ये मांडलेल्या ज्येष्ठांच्या चाचण्यांपैकी ही एक. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२पेक्षा कमी आणि पुरुषाला १४पेक्षा कमी वेळा जमलं, तर ते सरासरीखाली धरतात. चक्कर किंवा वेदना जाणवली की लगेच थांबवायचं. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांची चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

काकूंना पहिल्या दिवशी ९ वेळा जमलं. आठवड्यातून तीनदा उंच बाकावरून उठबस, हळूहळू बाकाची उंची कमी, सोबत पिंडरीचे व्यायाम. दर दोन आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच वेळ. आठव्या आठवड्यात आकडा १३ झाला. तो तक्ता मी फलकावर लावला, काकूंना विचारून. त्यानंतर त्यांच्या सोसायटीतल्या चार जणी आल्या.

तुम्हीही असा आकडा ठेवा. सहकाऱ्यांना एका दुपारी अर्धा तास बसवून ते सत्र शिकवा. ज्याला प्रश्न विचारता येतात त्याला ते नीट कळलं, असं समजायला हरकत नाही. आठ आठवडे झाले की वक्त्याला चार ओळींचा ईमेल पाठवा: काय करून पाहिलं, कुणावर, काय आकडा आला, कुठे अडलं. मी पाठवला तेव्हा उत्तरात पुढच्या टप्प्यासाठी जिन्याच्या पायरीचे दोन व्यायाम आले आणि काकूंची दुसरी फेरी त्याच व्यायामांनी सुरू झाली.