सोसायटीत योगसूत्रांचा अभ्यासगट कसा सुरू करायचा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सातला आम्ही सात-आठ जण सतरंजी टाकून बसतो, पतंजलींचं एक सूत्र वाचतो, त्यावर बोलतो आणि मग गप्प बसतो. गेली चार वर्षं हे चालू आहे. आमच्याकडे पण असं काहीतरी करायचंय, कसं करायचं, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

आधी माणसं जमवा. चार जण मिळाले तरी सुरू करा, आणि दहाच्या वर जाऊ देऊ नका, कारण मग दोघं-तिघंच बोलतात आणि बाकीचे नुसते ऐकून घरी जातात. संस्कृत येतं का, पद्मासन जमतं का, असलं काही विचारायचं नाही. एकच विचारायचं, पुढचे तीन महिने दर रविवारी याल का? अभ्यास पक्का कशाने होतो ते सूत्रातच सांगितलंय, दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तर, आणि माझ्या मते गट हवा तो या मधल्या गोष्टीसाठी, खंड पडू नये म्हणून. एकट्याने घरी वाचायला घेतलं की तिसऱ्या आठवड्यात पुस्तक कपाटात जातं. खाली चार जण वाट बघतायत म्हटलं की माणूस उठतो.

वेळ सकाळचीच ठेवा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) उशिरा सुरू होतो, त्यामुळे भांडुप-ठाण्याहून येणाऱ्यांना सातला पोचणं जमतं आणि सव्वाआठला सगळे मोकळे. हॉलसाठी सेक्रेटरींना आधीच लेखी अर्ज द्या, नाहीतर ऐनवेळी कुणाच्या तरी बारशाचं डेकोरेशन चालू असतं.

आता पुस्तक. सूत्रं एकूण 195 (काही प्रतींत 196), चार पादांत, म्हणजे भागांत विभागलेली: समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य. सगळ्यांकडे एकच मराठी अर्थाची प्रत असू दे, पाच जणांकडे पाच भाषांतरं आली की सगळा वेळ शब्दांवर भांडण्यात जातो, आमचा पहिला प्रयत्न यातच दोन महिन्यांत बंद पडला. एकाने घरून जास्तीचं वाचून यायचं, त्याच्यासाठी कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं 'भारतीय मानसशास्त्र' उत्तम आहे, जाडजूड आहे पण एकेका सूत्रावर सविस्तर लिहिलंय.

क्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ नका, कारण समाधिपादाच्या मध्यावर समाधीचे प्रकार सुरू झाले की नवीन माणूस गळतो. पहिली सोळा सूत्रं करा, तिथे योग म्हणजे काय, चित्ताच्या वृत्ती, म्हणजे मनाच्या हालचाली, किती, अभ्यास आणि वैराग्य म्हणजे काय, हे सगळं येतं, मग सरळ साधनपादाला जा, क्रियायोग, क्लेश, यम-नियम, आसन, प्राणायाम, आणि ते झालं की मागे फिरा. सिद्धींच्या, म्हणजे अलौकिक शक्तींच्या सूत्रांची घाई नको, त्या समाधीत विघ्न आहेत हे खुद्द पतंजलींनीच विभूतिपादात लिहून ठेवलंय.

एका रविवारी एकच सूत्र घ्यायचं, फारतर दोन. आधी सगळ्यांनी मिळून तीनदा मोठ्याने म्हणायचं, उच्चार चुकला तरी चालेल. मग एकाने अर्थ वाचायचा, दहा मिनिटं. मग प्रत्येकाने आपल्या गेल्या आठवड्यातली एक गोष्ट त्या सूत्राला लावून सांगायची, आणि मला विचाराल तर सगळा जीव इथे आहे.

उदाहरण देते. वृत्ती पाच आहेत, प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. नुसतं वाचलं तर शाळेतल्या व्याख्या वाटतात. आम्ही ठरवलं, आठवडाभर छोटी वही जवळ ठेवायची आणि मन कशात अडकलंय ते दिवसातून दोनदा लिहायचं. पुढच्या रविवारी एक वहिनी म्हणाल्या, मुलगा रात्री साडेअकरापर्यंत आला नाही, फोन लागेना, आणि पंधरा मिनिटांत मी मनात अॅक्सिडेंट, हॉस्पिटल, सह्या करायचे फॉर्म इथपर्यंत पोचले, तो खाली गेटपाशी मित्राशी बोलत उभा होता. मग चर्चा रंगली, हा विपर्यय की विकल्प? विपर्यय म्हणजे दोरी दिसतेय आणि आपण साप समजतो, काहीतरी असतं पण चुकीचं कळतं. विकल्प म्हणजे नुसते शब्द, मागे वस्तूच नाही. हॉस्पिटल तर कुठेच नव्हतं, म्हणजे विकल्प. तेवढ्यात एक काका हळूच म्हणाले, पण त्याला खतपाणी स्मृतीने घातलं, वहिनींच्या भावाचं तसं झालं होतं ना. सगळे गप्प झाले. त्या दिवशी पाच वृत्ती आम्हाला जेवढ्या कळल्या तेवढ्या नुसतं वाचून कधीच कळल्या नसत्या.

एक नियम मात्र कडक पाळा. कुणी आपलं काही सांगितलं की त्यावर सल्ला द्यायचा नाही, आणि हॉलमधलं हॉलमध्येच राहील. नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

शेवटची वीस मिनिटं ध्यान. 'स्थिरसुखमासनम्' एवढीच अट आहे, स्थिर आणि सुखाचं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ठेवा आणि त्यांना मागे कोपऱ्यात बसवू नका, वर्तुळातच घ्या. फोन फ्लाइट मोडवर. डोळे मिटून श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा, मन गेलं की परत आणायचं. मुंबईत शांतता मिळणार नाही हे धरूनच चाला, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होणार, लिफ्ट दार लावा दार लावा म्हणणार, ऐकू आलं की ऐकू आलं म्हणायचं आणि परत श्वासावर यायचं. सुरुवातीला आठ-दहा मिनिटंच बसा, दर महिन्याला थोडं वाढवा.

श्वास रोखायचे प्रकार गटात आपापलं बघून करू नका. प्राणायाम आसन जमल्यावर, असा क्रम सूत्रातच आहे. तो नीट शिकायचा तर 1918 साली सुरू झालेली योग इन्स्टिट्यूट सांताक्रूझला आहे, लोणावळ्याला कैवल्यधाम आहे, तिथे जाऊन शिका. आणि कुणाची मानसिक आजाराची ट्रीटमेंट चालू असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ध्यानाला बसावं, डोळे मिटल्यावर कुणाला त्रास झाला तर डोळे उघडे ठेवून बसू द्या, आग्रह करू नका.

कुणी दोन-तीन रविवार आलं नाही तर ग्रुपवर जाब विचारू नका, एकाने फोन करून चौकशी करायची, बस.

आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, सगळ्यांनी मिळून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला जा (सोमवारी पार्क बंद असतं). लेणी बौद्ध आहेत, पण त्या दिवसासाठी समाधिपादातलं मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद), उपेक्षा (इथे अर्थ तटस्थपणा) हे सूत्र राखून ठेवा, कारण याच चार भावना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून आहेत. भिक्षूंच्या खोल्यांत दगडात कोरलेले ओटे आहेत, एका माणसाला पाठ टेकता येईल एवढेच. आम्ही गेल्या वर्षी तिथे सूत्र म्हटलं, आवाज खोलीत घुमला, आणि मग पाऊण तास कुणीच उठलं नाही.