ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढते? अलाइनमेंटला पळण्याआधी या चुका टाळा

‘गाडी एका बाजूला ओढते’ एवढंच सांगून चावी टेकवणारे पुष्कळ. कधी ओढते हे विचारलं की मग आठवायला लागतात, आणि निदान तर तिथेच असतं. सतत ओढणारी, ब्रेक मारला की ओढणारी आणि फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढणारी अशी ही तीन वेगळी दुखणी. पहिल्यात टायर आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) बघायचं, दुसऱ्यात ब्रेक. तिसऱ्यात संशय अशा भागावर घ्यायचा, जो उभ्या गाडीत गुपचूप जागेवर बसलेला असतो आणि चाकाला ताकद आली की सरकतो.

थेट अलाइनमेंटला नेणं

सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात. अलाइनमेंटचं मशीन उभी गाडी मोजतं. इंजिन बंद, चाकावर कसलाही ओढा नाही. लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला असला तरी त्या क्षणी तो जागेवरच असतो, त्यामुळे पडद्यावरचे आकडे सगळे हिरवे दिसतात. शिवाय टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) बिघडला तर टायर खातो, गाडी ओढत नाही (निदान सहसा नाही). ज्या बाजूचा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) जास्त पॉझिटिव्ह, म्हणजे वरून बाहेर झुकलेला, किंवा कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे कल) कमी, त्या बाजूला गाडी जाते हे खरं, पण मग ती सतत जाते. पायाखालच्या पेडलशी त्याचा संबंध नसतो.

आधी रस्त्यावर तपासा. टायर गार असताना हवा मोजा, पुढच्या दोन्ही चाकांत सारखी करा. चार-पाच पीएसआयचा फरक असेल तर पुढची सगळी परीक्षा फुकट. मग सपाट, सरळ, रिकामा रस्ता. दुसऱ्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाने चालवा, स्टेअरिंग हलक्या हाताने धरा (सोडू नका), ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गाडी कुठे जाते ते बघा. मग पाय एकदम उचला आणि पुन्हा बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, म्हणून हीच फेरी त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही मारा.

दाबल्यावर एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला गेली, तर खाली काहीतरी सरकतंय. दाबल्यावर ओढली आणि सोडताच निमूट सरळ झाली, तर ड्राइव्हशाफ्टचे (गिअरबॉक्समधून चाकाला ताकद नेणारे दांडे) कोन किंवा टायर. दोन्ही वेळा एकाच बाजूला सारखीच जात असेल, तर ते पहिल्या प्रकारचं दुखणं आहे, त्याला अलाइनमेंटला खुशाल न्या.

सबफ्रेमकडे न बघणं

क्लच बदलून आलेली, पुढच्या चाकांवर चालणारी एक हॅचबॅक. दुसऱ्या दिवसापासून ॲक्सिलरेटर दाबला की उजवीकडे, सोडला की डावीकडे. अलाइनमेंट केलं. आठवड्यात पुन्हा तेच. परत अलाइनमेंट, मग पुढचे दोन टायर नवे, मग एका बाजूचा ड्राइव्हशाफ्ट. इतकं सगळं होईपर्यंत खाली वाकून बघायचं कुणाच्याच मनात आलं नाही. टॉर्च घेऊन बघितलं असतं तर सबफ्रेमच्या (बॉडीखाली बोल्टने बसवलेली चौकट) मागच्या एका बोल्टच्या वॉशरपाशी घासून लख्ख झालेली चंद्रकोर दिसली असती. आजूबाजूला धूळ आणि गंज, मधेच तेवढं चकचकीत पत्र्याचं तोंड. ती कोर म्हणजे सबफ्रेम मागेपुढे सरकत असल्याची कबुली.

क्लचच्या कामात गिअरबॉक्स काढायला अनेक गाड्यांत सबफ्रेम उतरवावी लागते. परत चढवताना बोल्ट अंदाजाने आवळले की दर वेळी ती दोन-तीन मिलिमीटर सरकते आणि तिच्यावर बसलेले लोअर आर्म, बहुतेक गाड्यांत स्टेअरिंग रॅकसुद्धा, सोबत जातात. अलाइनमेंट दोन्ही वेळा बरोबरच होतं, फक्त सबफ्रेम त्या घटकेला जिथे होती तिथल्यापुरतं.

उपाय साधा आहे. सगळे बोल्ट ढिले करा, जुळवणीची भोकं दिली असतील तर त्यात पिन घालून सबफ्रेम मध्यावर आणा, मॅन्युअल नवे बोल्ट मागत असेल तर नवेच घ्या, आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच (ताण मोजून आवळणारा पाना) द्या. अलाइनमेंट त्यानंतर. सबफ्रेम उतरवण्याआधी वॉशरवरून बॉडीवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढायची सवय लावून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे, आणि पुढे कधीही काही सरकलं तर रेघ मोडलेली दिसते.

बुश लटकत्या चाकावर तपासणं आणि लटकत्या चाकावरच आवळणं

गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, बुशला बोट लावलं आणि ‘ठीक आहे’. हे तपासणं नव्हे. लोअर आर्मचा मागचा बुश चाकाचा मागेपुढेचा ओढा सोसतो. ॲक्सिलरेटर दाबला की चाक पुढे जाऊ बघतं, ब्रेक मारला की मागे. रबर फाटलं असेल तर त्या एकाच बाजूचा टो आणि कॅस्टर बदलतो. म्हणून गाडी पिटवर किंवा रॅम्पवर चाकांवर उभी हवी. आर्म आणि सबफ्रेमच्या मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म मागेपुढे ढकला. रबर थोडं दबणारच. पण ठक्क आवाज आला, धातूला धातू लागला किंवा एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त हलली, तर बुश गेला. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला.

आणि आता घाईचं काम. नवा बुश बसवला, चाक हवेत असतानाच बोल्ट कचकचून आवळला, गाडी खाली सोडली, झालं! साध्या रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं आणि बोल्ट ती नळी जखडतो. म्हणजे आर्म हलताना रबर घसरत नाही, पिळलं जातं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर उभी असतानाही ते कायम पिळलेलं राहतं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि शिव्या खातो स्पेअरपार्टवाला. बोल्ट नुसता बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मग आवळा. रॅम्प नसेल तर बॉडी स्टँडवर ठेवून बॉल जॉइंटजवळ (आर्मचा चाकाकडचा सांधा) आर्मखाली जॅक लावा, बॉडी स्टँडवरून उचलायला लागेल इतका वर घ्या आणि तिथे आवळा. एवढा धीर नसेल त्याने बुशच्या कामाला हात लावू नये.

इंजिन माउंटिंग विसरणं

माउंटिंगचं (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते) रबर खचलं की इंजिन झुकतं, दोन्ही ड्राइव्हशाफ्टचे कोन वेगळे होतात आणि ओढा वाढतो. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, आतल्या माणसाने ब्रेक घट्ट दाबून क्लच पहिल्या गिअरमध्ये किंचित सोडावा, मग रिव्हर्समध्ये. इंजिनने इंचाहून जास्त उसळी घेतली तर माउंटिंग बघा. हे करताना गाडीच्या समोर किंवा मागे उभं राहायचं नाही, बाजूलाच.

‘एका चाकाला जास्त ताकद जाते’ असं मानणं

साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देतो. लिमिटेड स्लिप (एक चाक दुसऱ्यापेक्षा फार वेगाने फिरू न देणारा) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दोन टायरच्या झिजेतला फरकही ओढ देतो.

जन्मजात खोड दुरुस्त करायला जाणं

ड्राइव्हशाफ्टची लांबी असमान, इंजिन ताकदवान, खालचा गिअर, पेडल तळाला. एवढं जुळल्यावर स्टेअरिंगला हलका हिसका बसणं ही त्या गाडीची ठेवणच. काल नव्हतं आणि आज आहे, तेव्हाच खाली बघा.

टायर अदलाबदल न करता नवे घेणं

पुढची चाकं डावी-उजवी बदला. ओढा बाजू बदलला तर टायर दोषी. एकाच दिशेने फिरायचा बाण असलेल्या टायरना मात्र रिमवरून उतरवल्याशिवाय ही चाचणी लागू नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढेच शोधत बसणं

तिथे ट्रेलिंग आर्मचे (ॲक्सल मागेपुढे धरणारे दांडे) बुश, ढिले यू-बोल्ट आणि पाट्याचा (लीफ स्प्रिंग) तुटलेला सेंटर बोल्ट बघा. ॲक्सल एका बाजूने सरकला की मागचं टोकच गाडी वळवतं. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा आणि आकडे ताडून बघा. जुनी रेनॉ ४ (ती पुढच्या चाकांवर चालते) कधी अशी मोजलीत तर दचकू नका, तिचा व्हीलबेस दोन बाजूंना ४८ मिलिमीटरने वेगळा आहे आणि तो कारखान्यातूनच तसा आलाय.